बायांच्या डोहातला सुरुंग

चांगोचे आईबाप एकाच पावसाळ्यात पटकीनं गेले आणि त्याला मामानं वाढवलं. मामाचं नाव नथू. वैशाखरे गावाच्या अलीकडे, काळू नदीच्या काठाला त्यांची अठ्ठावीस घरांची वाडी होती. नदीच्या बाजूला भाताची खाचरं, वर डोंगराच्या उतारावर नागली-वरीचे तुकडे. नथू आणि त्याची बायको सकुबाई यांना मूल नव्हतं. भाचा घरात आला तेव्हा सकुबाईनं तिसरं ताट मांडलं, आणि तेव्हापासून तो त्या घरचाच झाला.

नथू फार बोलणारा माणूस नव्हता. पण काम करताना तो जे करी त्याला कारण असे, आणि विचारलं तर ते सांगे. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडायला गेला की शेंडा राखायचा. "शेंडा ठेवला म्हंजे झाडाला वाटतं, आपण अजून झाड हाव," म्हणायचा. ज्या ऐनाला यंदा कोयता लावला त्याला पुढं दोन वर्षं हात लावायचा नाही. जळण आणायला गेला तर वाळकं उचलायचा. हे सगळं चांगो त्याच्या मागं हिंडून शिकला, आणि शिकलेलं विसरलाही नव्हता. म्हणूनच पुढं जे झालं ते त्याला कुणावर ढकलता आलं नाही.

वाडीच्या वर अर्ध्या कोसावर नदी एका काळ्या कातळाला वळसा घालते. तिथं कातळाखाली डोह होता, चार पुरुष खोल. कातळाची मोठी पडवी पाण्यावर झुकलेली आणि तिच्याखाली आत आत गेलेल्या कपारी. तिथं पाण्यातल्या बाया राहतात म्हणून त्याला बायांचा डोह म्हणत. होळीला वाडी तिथं नारळ फोडायची आणि त्या दिवसापासून मिरगापर्यंत डोहात कुणी पागाचं जाळं टाकायचं नाही, गळही नाही. वर-खाली नदीत हवं ते करा. पावसाळ्यात तर खाचरांच्या बांधालाच मासे मिळत. नदीला लोंढा आला की मासे उलट्या पाण्यानं चढून ओहोळात, ओहोळातून शेतात यायचे. त्याला वलगण म्हणत. त्या दिवसांत घरोघर मासे वाळत घातलेले असत, ते पुढं थंडीपर्यंत पुरत.

"बाया खरंच हायेत का, मामा?" चांगोनं एकदा विचारलं होतं.

"मी नाय बघितल्या," नथू म्हणाला. "पण उन्हाळ्यात सगळी नदी आटते. माशांना ऱ्हायला हा एकच डोह ऱ्हातो. घरच मोडलंस तर मिरगात शेतात यायचं कुणी?"

जर्मनीशी लढाई सुरू झाल्यावर घाटाच्या पायथ्याला रस्त्यासाठी दगडाची खाण निघाली. चांगो तिथं कामाला लागला. अंगानं दणकट आणि हात थरथरत नसलेला, म्हणून त्याला सुरुंगाच्या कामावर घेतलं. पहारीनं भोक पाडायचं, जिलेटीनची कांडी आत सारायची, वात लावायची, शिट्टी मारून पळायचं. दोन वर्षांत तो या कामात इतका तयार झाला की नवी माणसं त्याच्या हाताखाली देऊ लागले. वाडीतलाच जैतू हा त्यांतला एक. चांगोहून चार वर्षांनी लहान, नुकतं लग्न झालेला, हसरा गडी. वात किती लांब ठेवायची, वातीवर स्फोटाची टोपी कशी दाबायची, हे चांगोनंच त्याला हात धरून शिकवलं.

मग त्रेचाळीस साल आलं. आदल्या वर्षी भात पोटरीला आलं आणि पाऊस गेला, तो आलाच नाही. दाणा निम्मा पोचट. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झालेला, मुरबाडच्या बाजारात पैसे घेऊन गेलं तरी पिशवी रिकामी परत यायची. होळी झाली तेव्हा वाडीतल्या बहुतेक कणग्यांचा तळ दिसत होता. माणसं कडूकंद राखेत शिजवून खाऊ लागली, मोहाची फुलं भाजून खाऊ लागली. चांगोची बायको गिरजा बाळंत झाली होती. मुलगी झाली, तिचं नाव राही ठेवलं. पण गिरजाला पोटभर मिळेना म्हणून दूध येईना, आणि पोर दिवसभर बारीक आवाजात रडायची.

चैत्रात वाडीची माणसं नथूच्या अंगणात जमली. डोह उघडा करा, असं सगळ्यांचं म्हणणं. नथूनं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"उघडूया," तो शेवटी म्हणाला. "बाया काय आपल्याला मारायला बसल्या नायत. पण पाग टाकायचा नाय. मी गळ घेऊन बसतो. रोज सात घरांना मासा देईन, फिरत फिरत. पोटात अंडी असलेला सोडून देईन."

"रोज सातच?" कुणीतरी म्हणालं.

"भूक रोज लागते रे. एकाच दिवशी सगळं काढलंत तर उद्याला काय?"

माणसं कबूल झाली. दुसऱ्या दिवसापासून नथू उजाडता उजाडता कातळावर जाऊन बसू लागला. दुपारी टोपली घेऊन खाली यायचा आणि सात घरांत वाटायचा. स्वतःच्या घराची पाळी आली तेव्हाच त्यानं स्वतःला ठेवला. चांगो वेगळं घर करून राहिला होता. भाचा म्हणून त्याला एक शेपूटही जादा मिळालं नाही. दर चौथ्या दिवशी एक मासा. ज्या दिवशी मासा असे त्या दिवशी गिरजाला थोडं दूध यायचं. मधले तीन दिवस पोर रडायची.

अशानं दहा-बारा दिवस गेले. मग मुरबाडला सरकारी धान्य आल्याची बातमी लागली आणि वाडीनं नथूला दोघांबरोबर तिकडं पाठवलं. रांगेत किती दिवस लागतील सांगता येत नव्हतं. जाताना नथूनं गळ चांगोच्या हातात दिला. "खाणीवरनं सांगून चार दिवस घरी ऱ्हा. पाळी चुकू देऊ नको," एवढंच म्हणाला.

पहिल्या दिवशी चांगो दुपारपर्यंत कातळावर बसला आणि त्याला दोन मासे लागले. सात घरांची माणसं खाली वाट बघत होती. त्यानं आपल्या घरी काही नेलं नाही. घरी आला तर राही रडत नव्हती. नुसती पडून होती. गिरजा म्हणाली, "रडायचं बी सोडलंन हिनं," आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

चांगो तसाच उठला आणि जैतूकडं गेला. दुसऱ्या दिवशी जैतूनं खाणीवरून चार कांड्या आणल्या. सुरुंग लावणाऱ्यांच्या हाती मोजून दिलेल्या असत, पण त्यातून चार बाजूला काढणं अवघड नव्हतं.

भर दुपारी चांगोनं पहिली कांडी दगडाला बांधली, वात पेटवली आणि डोहाच्या मध्यावर फेकली. क्षणभर काहीच झालं नाही. मग डोहाचं पाणी पेंढ्याच्या उडवीसारखं वर उठलं आणि कोसळलं. आवाज डोंगरावर आपटून परत आला. पाणी निवळत गेलं तसे खालून पांढरे पांढरे तुकडे वर येऊ लागले. मासे. पोटं वर करून, शेकड्यांनी. मरळ, वाम, शिंगाला, आणि माणसाच्या छातीला लागेल एवढे खडस, जे आजवर गळाला कधी लागले नव्हते.

वाडी धावत आली. माणसं कमरेएवढ्या पाण्यात शिरली, बायकांनी लुगड्यांचे ओचे भरले. म्हातारी धोंडीबाई काठावर बसून रडत होती आणि हसत होती. जैतूनं चांगोला खांद्यावर घेतलं. त्या संध्याकाळी अठ्ठावीस घरांतून धूर निघाला आणि सगळ्या वाडीला माशाच्या कालवणाचा वास होता. गिरजा पोटभर जेवली.

तिथंच थांबला असता तरी काही उरलं असतं. पण माणसं म्हणाली, उद्याही. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन कांड्या टाकल्या. मासे कमी आले, तरी आले. वाळत घालायला आता मीठही नव्हतं आणि काठावर उरलेले मासे फुगायला लागले होते. तिसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, मोठे अजून कपारीत दडलेत. चांगोनं चौथी कांडी लांब काठीला बांधून पडवीच्या खाली सारली.

कातळ हलला. आधी एक बारीक चीर दिसली. मग ती सगळी काळी पडवी, जिच्या सावलीत वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुपारची बसली होती, कलली आणि डोहात पडली. पाणी काठाबाहेर उसळलं. गढूळ निवळायला संध्याकाळ झाली. निवळल्यावर दिसलं की चार पुरुष खोल डोहात आता छातीएवढं पाणी होतं, आणि तळाशी नुसते दगड.

नथू त्याच संध्याकाळी परत आला. बरोबर दोन गोणी मका होता. तो आधी डोहावर गेला. काठाला बोटाएवढी पिल्लं हजारोंनी मरून पडली होती, त्यांच्यावर घारी आणि कावळे उतरले होते. चांगो खाली मान घालून उभा होता. मामा मारेल, निदान बोलेल, याची तो वाट बघत होता.

नथूनं विचारलं, "गिरजाला दूध आलं का?"

"आलं."

"मग बरं झालं," नथू म्हणाला, आणि खाली निघून गेला.

तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही. आणि चांगोलाही काढता आला नाही. पोर वाचली होती, हे खरं होतं. पण पहिल्या दिवशीच्या एका मरळीनं ती वाचली होती, हेही खरं होतं. पुढचे दोन दिवस कुणासाठी होते?

त्या मिरगात पाऊस चांगला झाला. नदीला लोंढे आले, ओहोळ भरले, माणसं टोपल्या घेऊन बांधाबांधावर उभी राहिली. पाणी नुसतंच आलं. आजचा दिवस नाही तर उद्या, असं म्हणत आठ दिवस उभी राहिली. मग टोपल्या घरात गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात डोहात गुडघाभर पाणी राहिलं आणि म्हशी बसायला लागल्या.

त्रेचाळीसच्याच दिवाळीनंतर नथू एकदा चांगोच्या ओटीवर येऊन बसला. "भाच्या, शहापुराकडं भातसई नदीच्या काठाला तुझी बाईजामावशी ऱ्हाते. तिथल्या डोहात मासे हायेत. थंडीत पाणी गार असतं, मडक्यातून आणले तर काही जगतील. वरच्या अंगाला वाडीतल्या गोजरच्या शेताखाली अजून एक खोलगट जागा हाय, तिथं सोडू. पुढं आपली ती वाढतील. येतोस? कावडीला दुसरा खांदा पायजे."

"आता खाणीवर सुट्टी नाय मिळत, मामा. शिमग्यात जाऊ."

"शिमग्यात पाणी तापतं रे."

"बघतो," चांगो म्हणाला. खरं तर सुट्टी मिळाली असती. पण मामाबरोबर दोन दिवस चालायचं म्हणजे दोन दिवस बोलायचं किंवा गप्प राहायचं, आणि त्याला दोन्ही झेपणार नव्हतं.

नथू एकटाच गेला. पाच दिवसांनी खांद्यावर कावड घेऊन परत आला. वाटेत लागेल त्या ओहोळाचं पाणी मडक्यात बदलत, दुपारी झाडाखाली थांबत. निघताना साठ मासे होते, पोचले अकरा. त्यानं ते गोजरच्या शेताखाली सोडले, आणि पाण्याकडं बघत बराच वेळ उकिडवा बसला.

पुढल्या वर्षी त्यानं पुन्हा विचारलं. चांगो पुन्हा म्हणाला, शिमग्यात जाऊ. नथूनं साठी ओलांडली होती. सकुबाई म्हणाली, यंदा नको. तो गेला.

पौषात म्हसा गावच्या जत्रेला शहापुराकडची माणसं बैल घेऊन आली. त्यांच्यातल्या एकानं निरोप आणला आणि तो फिरत फिरत खाणीवर पोचला. चांगो त्या वेळी भोकात कांडी सारत होता. नथूला बहिणीकडं थंडी भरून ताप आला होता, चार दिवसांत आटोपलं. तिकडंच अग्नी दिला.

चांगो तसाच, अंगावरच्या कपड्यांनी, शहापुराकडं चालत सुटला. बाईजामावशी दारात बसली होती. वयानं नथूहून मोठी, पाठीत वाकलेली. तिनं भाच्याला जवळ घेतलं नाही की रडली नाही. त्याला अंगणात घेऊन गेली. पेंढ्याच्या छपराखाली दोन मडकी होती, वर ओलं फडकं.

"रोज दोनदा पाणी बदलतंय मी," ती म्हणाली. "त्यानं सांगितलंन तसं. म्हणाला, टाकून देऊ नको, चांगो येईल."

"मामा असं म्हणाला?"

"तापात बी तेच. चांगो येईल, त्याला सांग सावलीसावलीनं जा."

चांगोनं फडकं बाजूला केलं. आत काळी पाठ दिसली, हलली, तळाला गेली. तो तिथंच मातीत बसला आणि मग त्याला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कावड घेऊन निघाला. आयुष्यात दगड फोडताना खांदा कधी दुखला नव्हता इतका त्या दोन मडक्यांनी दुखला. पाणी हिंदकळू नये म्हणून पाऊल मोजून टाकावं लागत होतं. प्रत्येक ओहोळाला तो थांबला. काही मासे वाटेत मेले. ते त्यानं काठाच्या वाळूत पुरले. गोजरच्या शेताखाली पोचला तेव्हा सात जिवंत होते.

त्यानं खाणीवरचं काम सोडलं. पुढची चार वर्षं दर थंडीत तो भातसईवर गेला. कधी दहा जगले, कधी तीन. उन्हाळ्यात त्या खोलगट जागेवर करंजाच्या फांद्या टाकून सावली करायचा, म्हशी आत जाऊ नयेत म्हणून काट्यांची वई घालायचा. माणसं त्याला हसत नव्हती, पण मदतीलाही येत नव्हती. सत्तेचाळीसच्या श्रावणात, सगळीकडं झेंड्यांची बोलणी चालली होती तेव्हा, राही भाताच्या खाचरातून ओरडत आली, "आई, शेतात मासा हाय!" बोटाएवढी मरळ होती. गिरजानं ती ओंजळीत धरून ओहोळात सोडून दिली आणि चांगोला सांगितलं. त्या दिवशी तो सकुबाईकडं जाऊन बसला. "मामी, चढली एक," म्हणाला. सकुबाईनं त्याला पेज वाढली. खडस मात्र पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याला लागतं ते खोल पाणी आणि ती कपार आता नव्हती.

एकोणपन्नासच्या वैशाखात जैतूच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी चांगो शेतात बांध घालत होता आणि त्याला आवाज ऐकू आला. तो आवाज काय आहे हे त्याला सांगावं लागलं नाही. तो धावला. गोजरच्या शेताखाली पाणी गढूळ झालं होतं, वई मोडून बाजूला टाकलेली, आणि जैतू पाण्यात उभा राहून मासे टोपलीत टाकत होता.

"जैत्या! काय केलंस हे?"

जैतूनं हसून वर बघितलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "पाहुणे येणार ना उद्या, दादा. तुझा वाटा राखून ठेवलाय बघ."

"अरे, चार वर्षं मी..."

"त्यात काय झालं? नदीच हाय, परत होतील. तूच नाय का शिकवलंस, वात वीतभर ठेव म्हणून? अगदी तेवढीच ठेवली."

त्याच्याकडं बोलायला खूप होतं, पण प्रत्येक वाक्य स्वतःवर येऊन पडत होतं.

लग्न झाल्यावर त्यानं वाडीला देवळापुढं जमायला सांगितलं. आजवर त्यानं कधी बैठक बोलावली नव्हती. सगळे आले, जैतूही आला. चांगो उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती, हात कुठं ठेवावे कळेना.

"मला एक सांगायचं हाय," तो म्हणाला. "त्रेचाळीसला मी डोहात सुरुंग टाकला ते चुकलं माझं. एक मासा लागत होता घराला, मी सगळा डोह मारला. मामानं सांगितलं होतं तसं चाललं असतं तर आपण जगलोच असतो. त्यानं एका शब्दानं मला बोल लावला नाय आणि मी बी त्याला कधी सांगितलं नाय की चुकलं. आता तुमाला सांगतोय. जैतूला काय बोलू नका. पण आजपासून हे बंद करूया."

मग धोंडीबाई, आता डोळ्यांनी दिसत नसलेली, काठी टेकत उठली.

"असं नको बोलू रे लेकरा," ती म्हणाली. "त्या साली तू नसतास तर आमी मेलो असतो. माझा नातू त्या माशावर जगला."

"खरं हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "नथूच्या गळानं काय व्हायचं होतं? सात घरं आन एकेक मासा."

"चांगोनं वाडी तारली त्या वक्ताला."

एकामागून एक माणसं बोलू लागली. कुणाला त्या दिवशीचा खडस किती मोठा होता ते आठवलं, कुणाला कालवणाची चव आठवली. तोंडं उजळली. जैतूनं खांद्यावर कसं घेतलं होतं ते सांगितलं आणि सगळे हसले. सुरुंग बंद करायचं तेवढं राहून गेलं. कुणीतरी म्हणालं, पुढच्या होळीला बघू. माणसं चांगोच्या पाठीवर हात ठेवून आपापल्या घरी गेली.

सकुबाई शेवटपर्यंत बसून होती. ती उठली, चांगोसमोर आली. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि गेली.

चांगो घरी आला तेव्हा गिरजा ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"काय म्हणाले?"

चांगो पायरीवर बसला.

"म्हणाले, मी चांगलं केलं."